ऊन न लागणारं झाड

।। श्री गुरुदेव दत्त ।।


बीदरच्या झरणी नरसिंहाला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. साधारण ३०० मीटरचं भुयार, छातीपर्यंत पाणी, वर वटवाघळं, लेकरं खांद्यावर. नरसिंहानं मारलेला जलासुर पाणी होऊन देवाच्या पायाशी वाहतो, अशी कथा आहे. राक्षसालासुद्धा देवानं हाकललं नाही, अंधारातच जागा दिली. मला त्या कथेत हेच मोठं वाटतं.

आपल्या बालसंस्कार वर्गात एका मुलीनं त्या पाण्याखाली उगवणारं झाड काढलं. मनातलंच. पांढरंफटक, एकही हिरवं पान नाही. मोठी मुलं हसली. त्यांचं चूक नव्हतं, हिरव्या झाडाला अन्न करायला उजेड लागतोच. पण ती म्हणाली, "मग अंधारात कुणीच जगत नाही का?"

जगतं की! १९७७ साली पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, शास्त्रज्ञ पाणबुडीतून सुमारे २,५०० मीटर खाली गेले. तिथं ऊन कधीच पोचत नाही. तळातल्या भेगांतून गरम पाणी वर येत होतं आणि भोवती जीवांची दाटी. पुढं त्यांतल्या नळीसारख्या लांब किड्यांचा अभ्यास झाला, तर त्यांना तोंड नाही, आतडं नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू त्या पाण्यात असतो. किड्यांच्या अंगातले जीवाणू त्याच्या बळावर अन्न बनवतात आणि किडे त्यावर जगतात.

आपण सत्संगात अंधार म्हणजे अज्ञान म्हणतो. उपमा म्हणून ठीक आहे. पण तीच उपमा दुःखात बसलेल्या माणसाला चिकटवली की घोळ होतो.

माझे धाकटे दीर गेले तेव्हा जाऊबाई सहा महिने खोलीबाहेर फारशा आल्या नाहीत. फोनवर मेसेज मात्र रोज पंधरा-वीस. सकारात्मक राहा, नामस्मरण करा, उजेडात या. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवून दिला.

फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. हजारो वर्षांपूर्वीची चित्रं तिथल्या अंधारात टिकून होती. १९४० साली ती सापडली, १९४८ पासून लोकांसाठी उघडली, आत दिवे लावले. त्या उजेडानं आणि माणसांच्या श्वासानं भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. उजेड आणणाऱ्यांचा हेतू तिथंही वाईट नव्हता.

मग एखाद्याला तसंच सोडून द्यायचं का? मुळीच नाही. गुहेतली वटवाघळं रात्री बाहेर जाऊन पोट भरून येतात, त्यांच्या विष्ठेवर आतले किडे, बुरशी जगतात. म्हणजे बाहेरचं अन्न आत पोचतं, अंधार न मोडता. त्या मुलीच्या झाडाला असंच काही मिळत असेल, असं मी तिला सांगितलं. तिनं लगेच वर दोन वटवाघळं काढली.

आमच्या घरी हे काम सासूबाईंनी केलं. स्वतःचा मुलगा गेलेला, तरी रोज दुपारी तुरीच्या डाळीचं सूप घेऊन सुनेच्या खोलीत जायच्या, बसून डाळ निवडायच्या. लाइट लावायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. (अंधारात काय निवडली जाणार डाळ! खडे मला संध्याकाळी परत काढावे लागायचे.) दीड-दोन महिन्यांनी जाऊबाईंनी आपणहून सूप पुढं ओढलं.

एक मात्र सांगते. माणूस जेवेनासं झालं, जगायला नको म्हणू लागलं, तर वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरकडं न्यायचं. सेवा म्हणून त्यालाही पुढं व्हा.

जाऊबाई आता गुरुवारी येतात. मागं, खांबाजवळ बसतात. कुणी त्यांना पुढं या, पुढं या म्हणू नका.

जय गुरुदेव.
एक सेवेकरी ताई, चिंताकी