लेखनिकाची खुर्ची

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका अंध ताईंची लेखनिक म्हणून एम. ए. समाजशास्त्राच्या पेपरला बसले होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, असा तेव्हा नियम होता. ताई भराभर सांगत होत्या आणि मी मागे पडत होते. ‘प्रत्यक्षार्थवाद’ हा शब्द मी तोवर ऐकलाच नव्हता. त्यांनी तो अक्षर न् अक्षर सुटं करून सांगितला. लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की एक अख्खं वाक्य माझ्याकडून गळलंय. तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. ती माझ्या चुका दुरुस्त करण्यात गेली. ताईंचा अभ्यास चोख होता. त्या हॉलमध्ये उणीव होती ती परीक्षेच्या पद्धतीत.

पुढे अपंगत्व हा विषय अभ्यासताना व्हिक फिंकेलस्टाइन वाचनात आले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले, स्वतः व्हीलचेअर वापरणारे. त्यांनी एक गाव कल्पिलं. तिथं सगळेच व्हीलचेअरवर, म्हणून छतं आणि दारं ठेंगणी. चालती माणसं तिथं राहायला गेली की कपाळमोक्ष ठरलेला. मग त्यांच्यासाठी डॉक्टर, शिरस्त्राणं, धर्मादाय संस्था! हे वाचल्यावर मला तो परीक्षेचा हॉल आठवला. १९७५ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम उभा राहिला, त्यातही फिंकेलस्टाइन होते. ज्यांचं जगणं, त्यांनीच ते शिकवायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. प्रवेश मिळाला; वर्ग मात्र दुसऱ्या मजल्यावर. अपंगत्व हा विषयही बहुतेक समाजकार्य आणि विशेष शिक्षण या शाखांतच अडकून पडलाय. जिना आखणारा वास्तुविशारद, परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता यांना तो कुणी शिकवायचा? सहानुभूती वाढवणारं एखादं व्याख्यान त्यांना पुरणार नाही. पूर्ण गुणांचा पेपरच हवा.

तुम्ही अभ्यास मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीत ही मागणी ठेवा. आणि त्या बैठकीला एखाद्या अपंग विद्यार्थ्याला सन्मानाने बोलवा.