एक आस

गॅलरीत या. चहा आतच राहू दे.

सकाळचे सहा वाजत आलेत. चिंचवडला रात्रभर पाऊस पडलाय, आत्ता कुठे थांबलाय. खाली कोपऱ्यावर तिघंचौघं कंपनीच्या बसची वाट बघत उभे आहेत. फर्स्ट शिफ्टवाले. कोणी बोलत नाही.

तुमच्यासमोर कबुतरांसाठी लावलेली जाळी आहे. रोज आपण तिच्यातून बघतो. आज तिच्याकडे बघू या.

खरं सांगायचं तर मला ही जाळी कधी आवडली नाही. सोसायटीने लावली तेव्हा मी बरीच कुरकुर केली होती. ती कुरकुरही आज बाजूला ठेवतो.

सगळी जाळी नको. हनुवटीच्या उंचीवरचा एक चौकोन निवडा. एकच.

नजर त्यावर टेकवा.

श्वास येतोय. येऊ द्या.

जातोय. जाऊ द्या.

मच्छीमारीत या चौकोनाला आस म्हणतात. आपल्या मनातली ती आस, जाळ्यातला हा आस. व्याकरण राहू दे. शब्द नुसता म्हणून बघा, मनातल्या मनात, सावकाश.

आ… स.

तोंड उघडतं आणि हवा निघून जाते.

पुन्हा एकदा.

चार बाजू. चार कोपऱ्यांत चार गाठी. मधे काही नाही.

त्या मधल्या जागेकडे बघा. वारा तिथून येतो, गळ्याला लागतो. ओला आहे. कबुतर अडतं, वारा अडत नाही.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ठेवायला सांगतात. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटत जातो. चौकोनी उघडा राहतो, आणि लहान मासे निसटून जातात.

उघडा राहतो.

छाती जरा सैल सोडा. खांदे खाली.

आता खालची गाठ. तिच्यावर पावसाचा एक थेंब आहे. त्यात समोरची इमारत उलटी दिसते, एवढीशी. थेंबापाशी थोडं थांबा. घाई नाही.

हवं तर डोळे मिटा.

एक हात दिसू दे.

पावसाळ्यातला कोळीवाडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून ठेवल्यात. पडवीत एक आजोबा बसलेत, जाळ्याचं टोक खांबाला बांधलंय. हातात चपटी सुई, तिच्या पोटात दोरा भरलेला. दुसऱ्या हातात बांबूची पट्टी.

सुई वरच्या आसातून वर येते.

दोरा पट्टीवर ताणला जातो. अंगठा त्याला दाबून धरतो.

दोऱ्याचा एक सैल फेरा डावीकडे उडतो. सुई आसाच्या दोन्ही दोऱ्यांमागून फिरते, फेऱ्यातून बाहेर पडते.

ओढ.

गाठ.

त्या हाताबरोबर श्वास घ्या. सुई वर येते, श्वास आत. अंगठा दाबतो, श्वास तिथेच. ओढ बसते, श्वास बाहेर.

पुन्हा. सुई वर. अंगठा. ओढ.

शेजारी नातू बसलाय. त्याला कोणी शिकवत नाही. तो बघतोय, आणि मधेच त्याचा स्वतःचा अंगठा आपोआप दाबला जातोय, हवेतच.

आजोबांच्या आज्याकडे सणाचा दोरा होता. सूतही होतं. सुताचं जाळं पाण्यात कुजतं, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. मग नायलॉन आलं, ते पाण्यात बुडतं. पॉलिथिलीन आलं, ते तरंगतं.

दोरा बदलत गेला. गाठ तीच राहिली.

इथे थोडा वेळ बसू.

दोरा बदलला. गाठ तीच.

आता चिंचवडला परत या. याच गावच्या एमआयडीसीत, गरवारेंच्या कंपनीत, दोर आणि जाळी बनतात. आबासाहेब गरवारे मूळचे तासगावचे, जन्म १९०३ चा. गरवारे-वॉल रोप्सची स्थापना १९७६ ची. आबासाहेबांनंतर मुलगा रमेश, आणि आता नातू वायू. २०१८ मध्ये कंपनीचं नावही बदललं, गरवारे टेक्निकल फायबर्स झालं. इथली जाळी नॉर्वेच्या, चिलीच्या गार समुद्रात सॅमन पाळायच्या पिंजऱ्यांना लागतात.

जाळं विणणाऱ्या यंत्राचा आवाज कानात आणा. आकडे दोऱ्याचा फेरा धरतात, दुसरा दोरा त्यातून जातो, ओढ बसते. एका ठोक्याला गाठींची अख्खी रांग. तो अंगठा आता लोखंडाचा आहे, एवढंच.

ठोका. रांग. ठोका. रांग.

आवाज हळूहळू मागे जाऊ द्या.

समुद्र इथून दिसत नाही. मधे सह्याद्री. पवना त्या डोंगरातच उगवते, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ, आणि त्याला पाठ करून पूर्वेला निघते. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळचा घाट ओला करते. दापोडीला मुळेत शिरते, पुढे भीमेत. कंपनीचा दुसरा कारखाना वाईला, तिथलं पाणी कृष्णेचं.

रायचूरकडे भीमा कृष्णेला मिळते.

दोन दोरे. दिसतात का बघा. सावकाश जवळ येताहेत.

डोळे उघडा.

जाळीचा वरचा कोपरा बघा. तिथे एक आस कधीतरी फाटला होता. घरातल्या कोणीतरी परकराच्या नाडीचा तुकडा घेऊन तो बांधलाय. गाठ ओबडधोबड आहे, पण पक्की. दोन पावसाळे झाले, सुटलेली नाही.

ती गाठ कोणाची, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि तुमच्या बोटांना पहिली गाठ कोणी शिकवली? बुटाच्या नाडीची असेल. परकराची असेल. मागून येऊन, तुमच्या बोटांवर आपली बोटं ठेवून, कोण बसलं होतं?

उत्तर शोधू नका. बोटांकडेच बघा. अंगठा तर्जनीवर ठेवा, हलकेच दाबा.

तिथे काही ऊब लागते का?

थांबा.

खाली बस आली. दार उघडल्याचा आवाज. तिघंचौघं चढले. बस गेली.

तुमचा आस तिथेच आहे. खालच्या गाठीवरचा थेंब आता टोकाशी उतरलाय, लांबट झालाय.

अजून पडलेला नाही.