ती बाटली आधी खाली ठेव

ती बाटली आधी टेबलावर ठेव आणि ऐक. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झालास, जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळतोस, बिहारहून आलेली पोरं तुझ्या शब्दावर चालतात. त्यातल्या एकाचा पाय तापलेल्या सळईने भाजला. तू चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणलंस, दोन दिवस दिलंस, ठणका थांबला तसं बंद केलंस. आता जखमेत पुन्हा पू झाला, तर त्याला ‘नॅनो सिल्व्हर’चं पाणी पाजणार? वर मलाच सांगतोस, ‘सर, चांदीपुढे कुठलाच जंतू टिकत नाही, पुण्यात सिद्ध झालंय.’

काय सिद्ध झालंय, वाचलंस तरी का? डॉ. बाळू चोपडे, जे 2014 साली आपल्याच मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेने कडू करांद्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवले. 2012 चा तो शोधनिबंध. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाउमानी या जंतूवर पिपरॅसिलिन या अँटिबायोटिकच्या जोडीला हे कण दिले, तेव्हा परिणाम 3.6 पट वाढला. जोडीला, हे लक्षात घे! अँटिबायोटिक हटवून नव्हे. आणि तेही पेट्री डिशमध्ये, माणसाच्या पोटात नव्हे.

त्याच प्रयोगशाळेचं 1994 चं काम तुला ठाऊकच नाही. तेरा धातू आणि दहा अँटिबायोटिक्स पचवणारा असिनेटोबॅक्टर त्यांना सापडला होता. चांदीला दाद न देण्याची त्याची ताकद एका प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर होती आणि ते प्लास्मिड ई. कोलायमध्येही गेलं. म्हणजे जंतू चांदीही पचवायला शिकतो आणि ती विद्या शेजाऱ्याला देतो. प्लास्मिड, संयुग्मन, सगळं तुला शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहिलंस आणि मिलच्या गेटवर विसरलास?

चांदीचे आयन जंतूचं आवरण फोडतात, त्याची प्रथिनं निकामी करतात, हे खरं. म्हणून तर भाजलेल्या जखमेवर डॉक्टर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावतात. पण चांदीचं पाणी पिऊन जखमेचा संसर्ग बरा होतो याला पुरावा नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याची कातडी मात्र निळसर-करडी पडते आणि तो रंग जात नाही.

2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगात 12 लाख 70 हजार माणसांचा थेट बळी घेतला. अर्धवट डोस देऊन तू त्याच जंतूंना बळ देतोयस. परक्या गावात भाकरीसाठी आलेल्या पोराच्या पायावर प्रयोग करायचा अधिकार तुला कुणी दिला?

ऊठ. आत्ताच्या आत्ता त्याला सिव्हिलला ने. पू कल्चरला पाठवायला सांग, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचार. डॉक्टर देतील तेच औषध, सांगतील तितके दिवस. आणि आधी काय दिलं होतंस, किती दिवस, हे डॉक्टरांना तुझ्या तोंडाने सांग.