पंचाची शिट्टी

पाचामुखी परमेश्वर, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण त्या परमेश्वराला दक्षिणा किती द्यावी आणि तो चुकला तर जाब कोणी विचारावा, हे काही पूर्वजांनी सांगून ठेवलेले नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलविषयी तो हौसेने कळवतो, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात घोळू लागतो.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हाती धरून धावायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाचा. खेळ विद्यार्थ्यांचा, पण उलाढाल मात्र सावकारी पेढीलाही लाजवील अशी. काही प्रशिक्षकांना वर्षाला एक कोटी डॉलरांहून अधिक पगार आहे. २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंनाही उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली आहेत. पंच मात्र बहुधा सामन्यापुरताच पंच. एरवी तो कुठे वकिली करतो, कुठे शाळेत शिकवतो. त्याला मोबदला मिळतो तो सामन्यागणिक, आणि तो देतो कोण? तर त्याच कॉलेजांनी मिळून उभारलेला संघ. तिथे त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नेमणूक त्याची आणि शिक्षाही त्याचीच!

मोबदला वाढवा म्हणजे चुका कमी होतील, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा निवांत सकाळी तपासणे वेगळे आणि दिवसभराच्या तासांनंतर दिव्याखाली तपासणे वेगळे, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको. पैशाने सचोटी विकत मिळत नाही. पण सवड मिळते, आणि सवडीतून सावधपणा येतो.

तरीही माणूस चुकणारच. मग काय करायचे? १९९० साली कोलोरॅडो आणि मिसुरी यांच्या सामन्यात पंचांची मोजणी चुकली. कोलोरॅडोला चाराऐवजी पाच प्रयत्न मिळाले आणि पाचव्यावर त्यांनी ३३-३१ असा विजय मिळवला. पंचांना निलंबित केले गेले. निकाल मात्र तसाच राहिला. पुढे त्याच मोसमात कोलोरॅडोने राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळवला.

अगदी अशीच चूक पन्नास वर्षांपूर्वी झाली होती. १९४० च्या नोव्हेंबरात कॉर्नेलने डार्टमथला ७-३ असे हरवले, तेही पाचव्या प्रयत्नावर. चित्रफितीने चूक उघड केली. पंच रेड फ्रीसेल यांनी ती लेखी कबूल केली. सामना संपल्यावर निकाल फिरवणे त्यांच्या हाती नव्हते. पण कॉर्नेलने तार करून विजय सोडून दिला. डार्टमथ ३-० असे जिंकल्याची नोंद झाली आणि ती आजही तशीच आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला वाटते, जबाबदारीचा अर्थच आपण फार आखूड केला आहे. चुकणाऱ्याला शिक्षा केली की आपण हात झटकतो. त्या चुकीचे फळ कोणाच्या ताटात पडले, हे पाहत नाही. सर्वांत कमी कमावणाऱ्याच्या माथी सारा दोष मारायचा आणि विजयाची मिठाई आपण वाटायची, हा कुठला न्याय? पंचाला जाब जरूर विचारावा. त्याला पोटापुरते आणि सरावापुरते द्यावे, मग कसून विचारावा. पण चुकून हाती आलेला विजय ठेवून घेणाऱ्यालाही तोच जाब विचारायला हवा.

या दिवाळीत घरोघरी सोंगट्यांचे आणि पत्त्यांचे डाव रंगतील. आजोबा पंच होतील, आणि डोळ्यांवरचा चष्मा घसरून एखादे घर चुकीचेही मोजतील. अशा वेळी, “आजोबा, माझी सोंगटी एक घर मागे हवी,” असे एखादे पोर आपणहून म्हणाले, तर त्याला एक चकली जास्त द्यावी. ते त्याचे मानधनच समजावे.