मागे पडणारे घड्याळ

आमच्या पांढुर्ण्याच्या घरी भिंतीवर आजोबांच्या वेळचे लंबकाचे घड्याळ आहे. दर शनिवारी रात्री त्याला चावी द्यावी लागते. थंडीच्या दिवसांत ते बऱ्यापैकी चालते; ऊन तापू लागले की मागे पडते. त्यात नवल काही नाही. उष्णतेने लंबकाची दांडी किंचित लांबते आणि लांब लंबक सावकाश हलतो. दांडी पोलादी असेल, तर तापमान एक अंश सेल्सिअसने चढले की घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद गमावते. जानेवारीत बरोबर लावलेले घड्याळ मे महिन्याच्या उकाड्यात दिवसाला काही सेकंद, म्हणजे महिन्याला काही मिनिटे मागे राहणार. उपायही सोपा आहे. लंबकाखालचा नट फिरवून गोळा थोडा वर चढवला की चाल सुधारते.

पण आम्ही तो नट फिरवीत नाही. घरातील सर्वांना सवय झाली आहे. घड्याळात साडेसात वाजले की मुले मनात सहा मिनिटे मिळवतात आणि दप्तर उचलतात. मग प्रश्न असा, की चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ घरात ठेवणे यात काही वावगे आहे काय?

प्रथमदर्शनी वाटते, नाही. कारण बरोबर घड्याळ तरी कोठे पूर्ण बरोबर असते? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. पांढुर्णा आणि सौंसर त्याच्या पश्चिमेस असल्यामुळे आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने सव्वाबारा वाजलेले असतात. मुंबईचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईची घड्याळे खोटी होती असे आपण म्हणणार नाही. फरक किती, हे माहीत असले की कोणी फसत नाही. घड्याळाचा खरेपणा सूर्याशी जुळण्यात नाही, तर शेजाऱ्याशी जुळण्यात आहे. घड्याळ म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे.

हे सर्व मला पटले होते. तरीही एके दिवशी त्याच घड्याळाने मला उघडे पाडले.

काही वर्षांपूर्वी सौंसर येथील आमच्या ओळखीच्या एक वयस्क बाई शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जाणार होत्या. निघण्यापूर्वी येऊन प्रार्थना करावी, असा त्यांचा निरोप होता. गाडी दहा वाजता निघणार होती. मी येतो म्हणून कळवले. त्या सकाळी भिंतीकडे पाहिले, अजून वेळ आहे असे वाटले आणि दुसरा चहा घेतला. स्टँडवर आलो तेव्हा बस नुकतीच सुटली होती. पुढच्या बसने पोहोचलो, तेव्हा दाराला कुलूप होते. बाई नागपूरहून परत आल्या नाहीत.

अंत्यविधीनंतर मी त्यांच्या मुलाला म्हणालो, "त्या दिवशी आमचं घड्याळ मागे होतं."

तो म्हणाला, "असू द्या, भाऊ. आई दहा मिनिटं पायरीवर थांबली होती."

वाचकहो, माझे वाक्य अक्षरशः खरे होते. घड्याळ मागेच होते. पण ते मागे असते हे मला ठाऊक नव्हते काय? घरातील लहान मूलसुद्धा सहा मिनिटे मिळवते. शिवाय खिशात मोबाइल होता. मी तो काढून पाहिला नाही, कारण भिंतीवरची वेळ मला सोयीची होती. खऱ्या गोष्टीचा उपयोग खोटे बोलण्यासाठी करता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत लहान व मोठे अशी दोन वजने बाळगण्यास मनाई आहे. केवळ वापरण्यास नव्हे, बाळगण्यासच. मला वाटे, हे व्यापाऱ्यांसाठी आहे. पण मीही दोन वजने बाळगून होतो. शब्बाथशाळेत एखादा मुलगा उशिरा आला की त्याला मोबाइलची वेळ दाखवायची आणि स्वतःला उशीर झाला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करायचे! त्या मुलाच्या घरी कदाचित घड्याळही नसेल, हे मी कधी विचारले नाही.

तेव्हा घड्याळ फेकून द्यावे काय? तसेही नाही. सदोष वस्तू सांभाळून घेण्यात कमीपणा नाही. घरातील वृद्धांना ऐकू कमी येते, म्हणून आपण मोठ्याने बोलतो. त्यांच्या विसरण्याचा हिशेब धरून चालतो. हे प्रेमच आहे. पण दोष सांभाळून घेणे वेगळे आणि दोषाआड लपणे वेगळे. पहिल्यात भार आपण उचलतो. दुसऱ्यात तो पायरीवर वाट पाहणाऱ्यावर पडतो.

पुढे मी पुन्हा सौंसरला गेलो आणि त्या मुलाला खरे काय ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आत चहा सांगितला. त्याने क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. ते विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

घड्याळ अजून भिंतीवर आहे. आता शनिवारी चावी देताना मी मोबाइल पाहून काटे लावतो आणि उन्हाळ्यात नटही फिरवतो. तरी ते थोडे चुकतेच. त्याचे मला काही वाटत नाही. मात्र कोणी विचारले, "उशीर का झाला?" तर आता मी भिंतीकडे पाहत नाही.

आपल्या घरी अशी कोणती वस्तू आहे, जिच्याकडे बोट दाखवून आपण सुटका करून घेतो?