गाणे हवे, गाणारा नको



आज एका परक्या देशातील गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो. परक्या देशातील म्हणालो खरा. पण शेवटपर्यंत वाचा आणि ती किती परकी आहे हे तुमचे तुम्हीच ठरवा.

अमेरिकेत साउथ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. ती इंग्रजांची वसाहत असताना १७३९ साली तेथे स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते निघाले आणि वाटेत आणखी गुलाम त्यांना येऊन मिळाले. बंड चिरडले गेले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, मालकांनी कायदा केला. त्यातील अनेक बंधनांपैकी दोन ध्यानात ठेवा. गुलामाने ढोल वाजवायचा नाही आणि गुलामाला कोणी लिहायला शिकवायचे नाही. ढोल आणि अक्षर! बंदुका हाती असलेल्या मालकांना या दोहोंची भीती का वाटली? कारण ढोल माणसे एकत्र आणतो आणि अक्षर माणसाला विचार करायला लावते. जुलमाला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत.

ढोल गेला, पण हात होते, पाय होते, गळा होता. टाळ्या वाजवून, जमिनीवर पाय आपटून त्या लोकांनी ताल जिवंत ठेवला. दिवसा शेतात राबताना, रात्री चोरून भरविलेल्या प्रार्थनेत त्यांनी दुःखाची आणि मुक्तीची गाणी रचली. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्या गळ्यातून आणि त्या तालातूनच पुढे ब्लूज, जाझ, गॉस्पेल जन्माला आले. आज सारे जग ज्याला अमेरिकन संगीत म्हणते, त्याचा पाया या माणसांनी घातला.

आता अक्षराकडे वळू. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. १८६६ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्या लोकांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांतच पैशाअभावी ती बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा ऑक्टोबर १८७१ मध्ये तेथील नऊ तरुण-तरुणी गाऊन निधी जमविण्यासाठी बाहेर पडल्या. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. त्याच सुमारास शिकागो शहर आगीत जळाले होते. या मुलांची स्वतःची शाळा बुडत होती, अंगावर धड कपडे नव्हते. तरी सुरुवातीची तुटपुंजी मिळकत त्यांनी शिकागोच्या आपद्ग्रस्तांना देऊन टाकली. दान म्हणजे काय, हे आम्ही प्रवचनातून सांगतो. त्या मुलांनी ते करून दाखविले.

आपल्या आईबापांची गाणी परक्यांपुढे गायला ती आधी कचरत होती. पण गायली तेव्हा सभागृहे रडली. १८७२ साली ती राष्ट्राध्यक्षांपुढे गायली, १८७३ साली इंग्लंडच्या राणीपुढे. त्या पैशातून फिस्कची ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली. १८७६ साली तिचे उद्घाटन झाले. तिची वीट न् वीट गाण्याची आहे.

परंतु बंधूंनो, ज्या देशात लोक त्यांचे गाणे ऐकून रडले, त्याच देशात त्यांना हॉटेलमध्ये खोली मिळत नव्हती. गाणे हवे होते, गाणारा नको होता. १९३९ साली विख्यात गायिका मॅरियन अँडरसन यांना, त्या कृष्णवर्णीय म्हणून, वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहात गाऊ दिले गेले नाही. मग त्या लिंकनच्या स्मारकापुढे उघड्यावर गायल्या आणि सुमारे ७५,००० माणसे ऐकायला जमली.

बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्मात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे पाहिली. ती तीन एकत्र का हवीत, याचे उत्तर येथे आहे. गाणे ऐकून डोळ्यांत पाणी येणे ही करुणेची सुरुवात असेल. पण समतेवाचून ते पाणी डोळ्यांतच सुकते.

हे जुने झाले, असे म्हणू नका. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून त्यांचा जीव घेतला. मार्च २०२१ मध्ये फिस्कच्या त्याच गायकवृंदाला ग्रॅमी हा मोठा संगीत पुरस्कार मिळाला. दहा महिन्यांत एकाच देशाने एका हाताने गळा दाबला, दुसऱ्या हाताने गळ्यात हार घातला. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा महत्त्वाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निष्प्रभ केला. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा नवा पाठ्यक्रम शाळांत शिकवू देण्यास नकार दिला. अक्षराची भीती अजून गेलेली नाही. मी शाळामास्तर आहे, माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. म्हणून ही बातमी मला फार लागली.

आणि आपला संबंध? ही मुले इंग्लंडात गात होती त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना ती अर्पण केली. गाण्याच्या पैशावर तगलेल्या फिस्कमधून १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस पदवीधर झाले, आणि १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

तेव्हा दोन गोष्टी करा. कोणी तुमच्या कलेला टाळ्या वाजविल्या म्हणून हुरळून जाऊ नका. ती कला शाळेच्या, वाचनालयाच्या कामी लावा. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गोऱ्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःला विचारा. ज्याच्या हलगीवर आपण मिरवणुकीत नाचतो, त्याच्या घरी आपण जेवतो का? त्याच्या घरची मुलगी सून म्हणून आणतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपणही गाणे घेतले आणि गाणाऱ्याला दाराबाहेर ठेवले. ते दार आधी उघडा.