हेतू नव्हता, पण बाण माझाच होता

आजचं वाचन: अयोध्याकांड, दशरथाची शेवटची रात्र.

राम वनात गेल्यानंतरची ही सहावी रात्र. दशरथ कौसल्येला आपल्या तरुणपणातली गोष्ट सांगतो. शरयूकाठी अंधारात घडा भरल्याचा आवाज आला. हत्ती पाणी पितोय असं वाटलं आणि त्याने नुसत्या आवाजावर बाण सोडला. तो लागला आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला. आपण त्याला श्रावणबाळ म्हणतो.

हा खून होता का? नाही. त्या मुलाचे वडीलही हा फरक करतात. तू हे जाणूनबुजून केलं असतंस तर आत्ताच संपला असतास, असं ते सांगतात. पण "चुकून झालं, जाऊ दे" असं काही म्हणत नाहीत. पुत्रशोकाचा शाप देतातच.

आपला कायदाही साधारण असाच विचार करतो. ठरवून जीव घेतला तर खून. अचानक आणि गंभीर चिथावणीने भान सुटून हातून घडलं तर सदोष मनुष्यवध, त्याला शिक्षा कमी. निष्काळजीपणाने जीव गेला तर कलमच वेगळं.

मुंबईचा नानावटी खटला आठवा. २७ एप्रिल १९५९. पत्नीचे परपुरुषाशी संबंध आहेत हे कळल्यावर नौदलाचा हा अधिकारी जहाजावर गेला, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि प्रेम आहुजाच्या घरी पोचला. भान सुटलं होतं, असा बचाव झाला. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही. दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या सुटल्या ४.२० ला. राग शांत व्हायला मधले जवळजवळ तीन तास पुरेसे होते. म्हणून खूनच.

आता माझं सांगतो. गेल्या महिन्यात रात्री बेव्हर्ली पार्कमध्ये स्कूटर चालवताना ऑफिसचा मेसेज बघत होतो. दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारे एक आजोबा हातभर अंतराने वाचले. मी लगेच म्हणालो, "काका, मुद्दाम नाही केलं." ते काही बोलले नाहीत. पिशवी सावरून निघून गेले.

घरी आल्यावर दशरथ आठवला. मुद्दाम तर त्यानेही केलं नव्हतं. समोर कोण आहे ते न बघता बाण सोडला, एवढंच. मीही तेच केलं होतं. फरक फक्त हातभर अंतराचा, आणि ते अंतर माझं कर्तृत्व नव्हतं.

आजचा नेम: राग आला असेल तर थांबायचं, वेळ आपल्या हातात असतो. घाई असेल तर आधी बघायचं. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन बॅगेत आणि एकदा रामनाम.

॥ जय श्रीराम ॥